दांड्यावरचा हात

नथ्थूजी ढगे यांना एखादा माणूस आवडलाय असं मी कधी पाहिलं नाही. बैल त्यांना चालत. पंप आवडत. माणसांचे मात्र त्यांनी भरलेला, अर्धा आणि कोरडा असे तीन ढीग केले होते, आणि पहिल्या ढिगात माझ्या माहितीत कोणीच नव्हतं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी तिसऱ्यात टाकलं. त्यांचं चुकलं नव्हतं.

चाळीस वर्षं होत आली याला. वर्ध्याजवळ सिंदी मेघेत तेव्हा आमची एक पत्र्याची शेड होती आणि तिथे आम्ही पंपांची पॅनेलं बनवायचो. आम्ही म्हणजे मालक, वेल्डर बबन, जीप चालवणारा वामन आणि मी. मी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, टाचेच्या चपला, काळा गॉगल आणि विज्ञान आपल्यावाचून अडून बसलंय असा चेहरा. त्या काळातला माझा एक फोटो आहे. त्यात मी सर्किटकडे अशी बघते आहे की त्यानंच मला मागणी घातली असावी. माझी नात तो फोटो मैत्रिणींना दाखवते, आमची आजी तेलविहिरींचं ऑटोमेशन करायची म्हणून. मी तिला अडवत नाही.

तेलविहिरी वर्ध्यात कुठल्या? त्या गुजरातेत. तिथल्या एका तेलक्षेत्रासाठी पॅनेल बनवायचं काम मालकांनी कुठूनतरी ओढून आणलं होतं. तेल उपसणारा पंप तुम्ही चित्रात पाहिला असेल, लोखंडी घोडा मान खालीवर करत असतो तसा. आमच्याकडे त्याचं नाव घोडाच पडलं. घोड्याच्या तोंडाला एक चकचकीत दांडा लटकलेला असतो, तो जमिनीत शेकडो मीटर खाली जातो आणि तेल वर ढकलत राहतो. अडचण अशी, की खडकातून तेल झिरपतं सावकाश आणि घोडा डुलतो भराभर. मग खालची नळी अर्धीच भरते, दांडा खाली येताना रिकाम्या जागेतून सुटतो आणि मधेच तेलावर आदळतो. याला नथ्थूजी दणका म्हणत. असे दणके बसत राहिले की एक दिवस दांडा खालच्या खाली तुटतो. म्हणून विहीर रिकामी होत आली की घोडा हळू करायचा, भरत आली की वाढवायचा. हे काम पूर्वी माणसं करत. आम्हाला ते पॅनेलकडून करून घ्यायचं होतं, म्हणजे दांड्यावरचा ताण सेन्सरने मोजायचा आणि मोटरचा वेग पॅनेलने आपोआप कमीजास्त करायचा.

पण किती ताणाला किती हळू, हे पॅनेलला सांगणार कोण? माझ्या पुस्तकात ते नव्हतं. तेव्हा मालकांनी नाचणगावहून नथ्थूजींना आणलं.

त्यांची सगळी हकिकत मला माहीत नाही आणि विचारायची टाप नव्हती. तरुणपणी कोण्या ठेकेदाराबरोबर गुजरातेत गेले, वीस-बावीस वर्षं घोडे सांभाळले, आणि साठीला टेकताना एका पोरसवदा सुपरवायझरने 'चाचा, अब घर जाओ' म्हणून फाटकाबाहेर काढलं, इतकंच कळलं होतं. मालकांना त्यांनी एकच अट घातली. पगाराचं काय ते तुम्ही पाहा, पण पॅनेल तिकडे जाईल तेव्हा मी त्याच्यासंगं जाईन. त्याच फाटकातून आत. मालकांनी हो म्हटलं.

भंगारातून एक छोटा घोडा आणून आम्ही शेडमागच्या पडीक विहिरीवर बसवला होता. पाणी तर पाणी. नळीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह होता. तो आवळला की विहीर कमजोर झाल्याचं सोंग करता यायचं. नथ्थूजी घोड्याशेजारी एका उलट्या पाटीवर बसत, डोळे मिटत आणि उजवा तळहात दांड्याला लावत. दांडा खालीवर, हातही खालीवर. मग म्हणत, "हळू." किंवा, "आणखी हळू." किंवा, "वाढव." ते म्हणतील तेव्हा सेन्सरच्या आलेखाच्या कागदावर मी खूण करायची. सहा महिने मी खुणा केल्या. पॅनेलची सगळी अक्कल त्या खुणांतून आली.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मे महिना, दुपार, दांडा तापलेला. हात लाव म्हणाले. मी लावला, चटका बसला, पण काढला नाही, कारण मी इंजिनिअर होते. पाच मिनिटांनी विचारलं, "दणका समजून राह्यला का?" मी म्हटलं, हो, अगदी स्पष्ट. त्यांनी बबनला हाक मारून व्हॉल्व्ह दाखवायला सांगितला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. नळी गळ्यापर्यंत भरलेली, दणका यायचा प्रश्नच नव्हता.

"इंजिनेर बाई आपल्या," नथ्थूजी सगळ्यांकडे पाहत म्हणाले. "नसलेलं बी समजते हिले. कोरडी पोट्टी."

तळहातावर फोड आला होता. मी घरी आईला इस्त्रीचा चटका बसल्याचं सांगितलं.

त्यानंतर मी त्यांच्यासाठी पोट्टीच राहिले. बबनची गत माझ्याहून वाईट. तो बोलताना अडखळायचा. तो बोलायला लागला की नथ्थूजी मनगट वर करून घड्याळाकडे बघत आणि वाक्य संपलं की किती सेकंद लागले ते जाहीर करत. आम्ही हसायचो. मीही हसायचे, जरा जास्तच, कारण तेवढा वेळ ते माझ्याकडे बघत नसत. घोड्यापाशी बोलायची मनाई होती. एकदा बबन तिथे शिंकला, तर त्यांनी हातातला नट त्याच्या पाठीत फेकून मारला आणि संध्याकाळपर्यंत त्याला गेटवर उभं केलं. मालक जवळ येऊन काही विचारू लागले तर त्यांनाही हात हलवून बाजूला करत, कुत्र्याला करावं तसं. आम्हाला वाटे, काय हा माज.

घरून डबा आणत नसत. चहा पाच वेळा, साखर वर्ज्य असूनही प्रत्येक वेळी दोन चमचे जास्त. बोलताना पानाचा देठ चावत. आणि तळहाताचा मोठा डौल. दुकानात गेले तर कापड हाताने पारखत, शेजाऱ्याचं ढोर व्यालं तर हात लावून वासराचं भविष्य सांगत. "डोया फसवते, कान फसवते," म्हणायचे, "हात नाई फसवत."

मला पाहायला एक स्थळ शेडवर आलं होतं, ते याच हाताने गेलं. मुलगा पुलगावला बँकेत. कामाच्या जागी मुलगी कशी दिसते ते बघावं, असं त्याच्या मामाचं म्हणणं. मी त्या दिवशी पॅनेल उघडून मुद्दाम आत डोकं घालून बसले होते, म्हणजे बुद्धिमान दिसेन. नथ्थूजींनी त्या मुलाशी हस्तांदोलन केलं आणि हात सोडलाच नाही. डोळे मिटून उभे राहिले. मुलगा कसनुसा हसत होता, मामा घसा खाकरत होता. मिनिटभराने हात सोडून ते मला म्हणाले, "कोरडा. पण तू बी तशीच. जमते पाहा."

त्या घरून पुढे निरोप आला नाही. मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले, आणि त्या मुलाचं नाव काय होतं ते आज आठवत नाही. पुढे ज्यांच्याशी लग्न केलं त्यांना मात्र मी नथ्थूजींच्या हाती लागू दिलं नाही. उगाच कशाला कळून घ्या.

मग एक दिवस मला ती विडी दिसली.

सेन्सर बदलायचा म्हणून घोडा थांबला होता. नथ्थूजी पाटीवर बसून उजव्या हातात विडी धरून बबनच्या वेल्डिंगला नावं ठेवत होते. विडी जळत बोटांपर्यंत आली. मी बघत होते. ठिणगी कातड्याला टेकली, मग कातडं करपल्याचा वास आला. नथ्थूजी बोलत राहिले. वास त्यांच्या नाकात गेला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, विडी टाकली, आणि झटकन वर पाहिलं, कोणी बघितलं का म्हणून. मी कागदावर खूण करायचं सोंग केलं.

म्हणजे त्या हाताला काही कळत नव्हतं. साखरेने हात मेला होता, कधीपासून कोण जाणे. बँकेतल्या त्या बिचाऱ्याचा हात त्यांना लाकडासारखा लागला असणार. नुसतं तोंड बघून कोरडा ठरवला होता.

पण मग सहा महिने खुणा बरोबर कशा आल्या? सेन्सरचा कागद खोटं बोलत नव्हता. ते हळू म्हणत तेव्हा खाली खरंच दणका सुरू झालेला असायचा. मी चार दिवस त्यांच्यावर डोळा ठेवला. चौथ्या दिवशी शेडबाहेर एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा राहिला, आणि नथ्थूजींनी हात दांड्यावर असूनही ट्रक जाईपर्यंत तोंड उघडलं नाही. विचारलं तर माझ्यावर खेकसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते ऐकत होते. गिअरपेटीचा आवाज दणक्याआधी किंचित बदलत असणार, मला तो आजतागायत ऐकू आलेला नाही. बोलायची मनाई, शिंकेला मारलेला नट, सगळं त्यासाठी. जन्मभर हाताचा डंका पिटलेल्या माणसाला आता कान पुढे करता येत नव्हता.

शहाण्या मुलीने इथे काय करावं? ताणाच्या सेन्सरसोबत आणखी एक लावावा, आवाजाचा. मला ते सुचलंच नाही. मला फक्त इतकं सुचलं की पोट्टीच्या हातात काहीतरी आलं.

तेलक्षेत्राचे चार साहेब पॅनेल पाहायला आले. मालकांनी कार्यक्रम ठरवला होता, आधी नथ्थूजी हात लावून सांगतील, मग पॅनेल तेच करून दाखवेल. यात नथ्थूजींचा मानच होता. त्यांनी नवा पांढरा सदरा घातला होता आणि सकाळपासून कोणाला शिवी दिली नव्हती. पॅनेलसोबत कोण जाणार हे साहेब लोकांसमोर सांगू, असं मालक म्हणाले होते.

मी बबनला म्हटलं, विजेचा भरवसा नाही, जनरेटर मागून काढून घोड्याशेजारी आण आणि आधीच चालू करून ठेव. बबनने माझ्याकडे पाहिलं. त्याला किती समजलं ते मला माहीत नाही. पण एरवी दोघांना न ढळणारं ते डिझेलचं धूड त्याने एकट्याने ओढत आणलं.

जनरेटर धडधडायला लागला. नथ्थूजी पाटीवर बसले, पुन्हा उठले.

"डिझल बंद कर," ते बबनला म्हणाले.

मी साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नथ्थूजी, तुम्हाला तर हातानं कळतं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसले आणि तळहात दांड्याला लावला.

पहिल्यांदा हळू म्हणाले, तेव्हा विहीर भरलेली होती. दुसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत आणि दणके सुरू झाले. तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होता. दांडा असा आदळत होता की घोड्याची चौकट हलत होती, साहेबांच्या हातातल्या कपांतला चहा हिंदकळत होता. आणि नथ्थूजी डोळे मिटून, हात त्या हादऱ्यावर ठेवून म्हणाले, "भरलेला हाय. वाढव."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसे. मालकांनी मान फिरवली. बबन पुढे झाला, त्यांचा हात मनगटाला धरून दांड्यावरून काढला आणि म्हणाला, "न-न-नथ्थूजी, ब-ब-बस झालं." त्याला वाक्य पुरं करायला बराच वेळ लागला. घड्याळ कोणी बघितलं नाही.

मग पॅनेल लावलं. जनरेटरच्या धडधडाटात त्याने एकही चूक केली नाही. ऑर्डर तिथल्या तिथे मिळाली, आणि गुजरातेत मी जाणार हेही. नथ्थूजी त्या दिवशी चहा न पिता गेले.

गुजरातेत मी त्यांच्या त्या फाटकातून आत गेले, गॉगल लावून. तीन आठवडे तिथे माझी जी शोभा झाली ती नातीला सांगितलेली नाही. पॅनेल विहीर रिकामी झालेली बरोबर ओळखायचं, घोडा हळूही करायचं. पण लगेच पुन्हा वाढवायचं, पुन्हा दणका, पुन्हा हळू. दिवसभर नुसता दम लागल्यासारखा घोडा वरखाली. आमच्या विहिरीत पाणी होतं, इथे घट्ट तेल. हळू केल्यावर किती वेळ थांबायचं हे माझ्या कागदांत कुठेच नव्हतं, कारण पाण्याला थांबावंच लागत नाही. मी तीन मिनिटं करून पाहिली, पाच करून पाहिली. एक दांडा तुटला. साहेब आता वाईट हसायला लागले.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, म्हाताऱ्याला विचार. आणि हवं तर या खेपेला सोबत घेऊन जा, माझी ना नाही. तुझं तू ठरव.

मी वर्ध्याला परतले आणि वामन मला जीपने नाचणगावला घेऊन गेला. नथ्थूजी अंगणात बाजेवर होते, उजव्या पायाला बँडेज, केस पार पांढरे. मी काय काय ऐकावं लागेल याची तयारी वाटेत करून ठेवली होती. त्यांनी बायकोला, पार्वताबाईंना, खुर्ची आणायला सांगितलं.

"बसा बाई," म्हणाले.

बसा. बाई. मी खुर्चीच्या टोकावर बसले.

मी अडचण सांगितली. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही, पोट्टी म्हटलं नाही, हसले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, "थे पाणी नाई बाई, तेल व्हय. पाणी धावत येते, तेल लोळत येते. हळू केलं का मंग चाळीस मिनटं त्याले छेडू नका. कितीबी वाटलं तरी नका छेडू. अन् वाढवसान तं एकदम नाई, जरा जरा."

चाळीस मिनिटं. मी वहीत लिहून घेतलं. पाच मिनिटांत माझं काम झालं होतं.

पार्वताबाईंनी चहा आणला. नथ्थूजींनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"त्या दिवशी डिझल तुमीच लावलं," म्हणाले.

मी वही मिटली.

"मी तुमच्या जागी असतो तं मीबी लावलं असतं." मग बशी खाली ठेवून, पार्वताबाई आत गेल्यात ना ते बघून, हलक्या आवाजात म्हणाले, "मले नेता का संगं? हातानं नाई, कानानं सांगीन. समद्यायसमोर सांगीन का कानानं समजते."

मालकांनी हो म्हटलेलं होतं. जीपमध्ये जागा होती. मी म्हटलं, "सोमवारी निघतोय. सुटे भाग न्यायचेत म्हणून जीपनेच. आठ वाजता फाट्यावर उभे राहा."

"येतो मंग," म्हणाले, आणि बाजेवरून उठायला लागले, जणू आजच सोमवार होता.

तसं म्हणतानाच त्यांना न्यायचं नाही हे माझ्या मनात ठरलेलं होतं; त्याची कारणं मी पुढे बरीच तयार केली. त्यांच्या पायाची जखम, दोन दिवसांचा प्रवास, तिकडचं ऊन. सगळी नंतरची. खरं कारण सांगायला आता लाज वाटत नाही, या वयात लाजेला बळ लागतं. त्यांनी मला बाई म्हटलं होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. दोन दिवस जीपमध्ये शेजारी बसले असते तर अकोल्याच्या आत मी पुन्हा पोट्टी झाले असते. आणि फाटकातून आत गेल्यावर चाळीस मिनिटं कोणाची, हे साहेबांना कळलं असतं. रिपोर्टमध्ये मी ती 'प्रत्यक्ष निरीक्षणावरून' असं लिहिलं. ती बरोबर निघाली. माझ्या नोकरीची पुढची सगळी वर्षं त्या चाळीस मिनिटांवर उभी आहेत. नथ्थूजी त्यानंतर दोनच पावसाळे जगले, असं बबनकडून कळलं.

सोमवारी आम्ही निघालो. नाचणगाव फाटा टाळून जायला दुसरा रस्ता होता, थोडा लांबचा. वामनने विचारलंही नाही आणि मी सांगितलंही नाही. मला बघायचं होतं, ते येतात की नाही.

ते आले होते. लांबूनच दिसले. केस काळेभोर केले होते. कलप कपाळावर आणि कानांवर उतरला होता, घाईत कोणाकडून तरी लावून घेतल्यासारखा. तोच पांढरा सदरा. बँडेजच्या पायावर प्लास्टिकची पिशवी बांधून तो कसाबसा कॅनव्हासच्या बुटात घातला होता. शेजारी पार्वताबाई डबा घेऊन उभ्या. जीप दिसताच ते त्यांना काहीतरी म्हणाले, वाकले आणि पायाशी ठेवलेली रेक्झिनची बॅग उचलली.

वामनने वेग कमी केला. "मॅडम, नथ्थूजी व्हय."

"थांबू नको," मी म्हटलं, आणि पायाशी काहीतरी पडल्यासारखी खाली वाकले. तिथे काही नव्हतं. मी बराच वेळ शोधत राहिले. वामनचा पाय क्षणभर अडला, मग जीप पुढे गेली.

म्हणून शेवटचं त्यांना मी पाहिलेलं नाही, वामनने पाहिलं, आरशात. पुलगाव मागे पडलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "वळणापर्यंत दिसून राह्यले होते मॅडम. त्यायनं ब्याग खाली नाई ठेवली."